दारू सुटली, कषाय केव्हा सुटणार?

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त नालवाडी येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्याख्याता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो, तो आजतागायत कापडाचे तागे उलगडतो आणि पुन्हा गुंडाळून ठेवतो आहे. सुवर्ण महोत्सवात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मी ‘व्यसनमुक्ती’ हा विषय सुचविला. ‘आपल्या समाजात या विषयाचे काय प्रयोजन?’ असे एका ज्येष्ठांनी विचारले. त्यांचा हेतू शुद्ध होता. पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच विचारले असते. आणि मी विचारीत असताना माझ्याच घराच्या माडीवर माझा धाकटा बंधू मद्याच्या अमलाखाली पडलेला असता.

हे मी त्याच्या अनुमतीने सांगत आहे. मी परवानगी मागितली तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘भाऊ, माझे खुशाल सांगा, पण मग तुमचेही सांगा.’ म्हणून आज दोघांचेही सांगणार आहे.

आपला वर्धा जिल्हा गांधीजींच्या आणि विनोबाजींच्या वास्तव्याने पावन झालेला आहे, आणि त्याच कारणाने गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. शिवाय आपण जैन. आपल्या आचार्यांनी सप्तव्यसनांत मद्याची गणना केली आणि श्रावकासाठी ते सर्वथा त्याज्य ठरविले. म्हणजे शासनाचा निर्बंध आहे आणि धर्माचाही. दोन्ही योग्यच आहेत. दारू सहज मिळू नये यात समाजाचे, विशेषतः गरीब घरांतील माता-भगिनींचे, मोठे हित आहे. तथापि ज्याला व्यसन जडले त्याला जिल्ह्याची सीमा दूर वाटत नाही, आणि मोहाची हातभट्टी तर सीमेच्या आतही त्याला सापडते. बंदी बाटली दूर ठेवू शकते. परंतु ती बाटली ज्या मनाला हवी आहे, त्या मनाचे काय करायचे हे बंदी सांगत नाही. ते काम ज्याचे त्याला, आणि त्याच्या घराला, करावे लागते. त्या कामाविषयीच मला बोलायचे आहे.

१९९८ सालच्या चातुर्मासात मी बंधूला एका मुनिराजांपुढे नेले आणि आजीवन मद्यत्यागाचे पच्चक्खाण घ्यायला लावले. ‘घेतले’ असे म्हणत नाही, ‘घ्यायला लावले’ असेच म्हणतो. त्याला रोजची सवय होती, आणि ती किती जुनी आहे हे मुनिराजांना मी सांगितलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थरथरू लागले, अंगाला घाम सुटला, रात्री भिंतीवर किडे चालताना दिसू लागले. आम्हाला वाटले, ढोंग करतो आहे. मातोश्रींना वाटले, बाहेरची बाधा झाली. अखेरीस रुग्णालयात न्यावे लागले.

आज मला ठाऊक आहे की ते ढोंगही नव्हते आणि बाधाही नव्हती. वर्षानुवर्षे रोज मद्य पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो. मद्य एकाएकी बंद केले की तो मेंदू अनावर उत्तेजित होतो. कंप, फिट, भास आणि भ्रम होऊ शकतात, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. पहिले तीन-चार दिवस विशेष धोक्याचे असतात. म्हणून माझी पहिली विनंती ही की, दीर्घकाळ पिणाऱ्याची दारू घरच्या घरी, शपथ घालून, अकस्मात तोडू नका. वैद्यकीय देखरेखीखाली सोडवा. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे १९५६ सालीच मान्य केले होते. आमच्या घरी ही वार्ता पोचायला फार उशीर झाला.

बंधू वाचला, परंतु दोन महिन्यांत पच्चक्खाण मोडले. येथून आमची खरी दुर्दशा सुरू झाली. आतापर्यंत तो केवळ पिणारा होता. आता स्वतःच्या दृष्टीने व्रतभंग करणारा पापी झाला. ती लाज सहन होईना, म्हणून तो अधिक पिऊ लागला. आणि मी काय केले? मी झाकले. ग्राहकांना सांगितले की त्याला साखरेचा त्रास आहे. व्यापाऱ्यांना सांगितले की खरेदीला सुरतेला गेला आहे. माझ्या मुलीच्या विवाहात सोयऱ्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून त्याला दिवसभर माडीवरच्या खोलीत ठेवले आणि बाहेरून कडी लावली. पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकायला काका नव्हता. त्या दिवशी तो प्यायलेला होता असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. तो प्यायलेला नव्हता. तो पिईल, अशी मला भीती होती.

आपल्या शास्त्रात चार कषाय सांगितले आहेत: क्रोध, मान, माया आणि लोभ. येथे माया म्हणजे ममता नव्हे, कपट. माझ्या बंधूला मद्याने बांधले होते, आणि मला मानाने व मायेने. दोघांतील कोणाचे बंधन बाहेरून दिसत होते, एवढाच फरक.

२००३ साली, स्नेह्यांच्या सल्ल्याने, आम्ही त्याला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेले. आपल्यापैकी पुष्कळांना या संस्थेचे नाव परिचित असेल. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून व्यथित झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी देणगी दिली. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. त्याचा प्राण होत्या डॉ. अनिता अवचट. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले, २०२२ साली अनिल अवचटही गेले, तरी कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे चालविले. तेथे मला प्रथम कळले की रुग्ण एकटा नसतो. घरातील माणसेही त्या आजारात ओढली गेलेली असतात, आणि त्यांनाही सुधारावे लागते.

व्यसनमुक्तीच्या या मार्गाला जगभर आधार मिळाला तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारात काम केलेला गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचे शल्यचिकित्सक, दोघेही पराकोटीचे मद्यपी, एकमेकांना भेटले. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीला उपदेश न करता केवळ स्वतःचे खरे सांगितले, तर दोघेही सावरू शकतात, हा अनुभव त्यांना आला. पुढे १९३९ साली त्यांच्या ग्रंथात बारा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या.

त्या पायऱ्या बंधूने मला वाचून दाखविल्या तेव्हा मी चकित झालो. आपल्या दोषांची निर्भयपणे मोजदाद करा. ते दुसऱ्या एका माणसासमोर स्पष्ट बोलून दाखवा. ज्यांना दुखविले त्यांची यादी करा. शक्य तेथे प्रत्यक्ष भरपाई करा; मात्र तसे करताना कोणाला नवी इजा होणार असेल तर थांबा. आणि ही मोजदाद रोज चालू ठेवा. बंधू-भगिनींनो, हे आपणांस कोठे ऐकल्यासारखे वाटते काय? गुरूपुढे दोष उघड करणे ही आपली आलोचना. झालेल्या चुकीपासून मागे फिरणे हे आपले प्रतिक्रमण. ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मागणे ही आपली क्षमापना. पुढे ते न करण्याचा नियम हे आपले पच्चक्खाण. अ‍ॅक्रनच्या त्या दोघांना आपले आगम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मन सावरण्याची वाटच तशी असावी, म्हणून वेगवेगळ्या दिशांनी आलेली माणसे तिच्यावर भेटतात.

मोजदादीचे म्हणाल तर ते आम्हा व्यापाऱ्यांना नवीन नाही. दिवाळीपूर्वी दुकानातील माल मोजतो तेव्हा मांडणीच्या तळाशी कसर लागलेले तागे निघतात. ते मोजणीत न धरता तसेच राहू दिले, तर ताळेबंद सुंदर दिसतो आणि दुकान बुडते. बंधूने तेथे एका वहीत आपल्या जीवनाचा असा ताळेबंद लिहिला. मी बी.कॉम. झालेलो, माझ्या दुकानाचे हिशेब कधी चुकले नाहीत. तथापि असली वही मी एकदाही लिहिली नव्हती.

एक शंका येथे रास्त आहे. त्या पायऱ्यांत ईश्वराला शरण जाण्याची भाषा आहे, आणि आपण तर जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही. मग जैनाने काय करावे? त्या मंडळींनी ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. आपल्याकडेही शरण आहेच: अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलींनी सांगितलेला धर्म, ही चार शरणे आपण नित्य घेतो. ही शरणे आपले कर्म आपल्यासाठी फेडत नाहीत. पुरुषार्थ आपल्यालाच करायचा असतो. मात्र ‘मीच सर्व सांभाळतो’ हा अहंकार तेवढा खाली ठेवावा लागतो. मद्यपीला तर तो ठेवल्यावाचून गत्यंतरच नसते.

हा भार खाली ठेवणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्या याच भूमीत आहे. विनोबाजी १९३२ साली या नालवाडीत राहावयास आले. सूतकताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा कठोर प्रयोग त्यांनी येथे केला. पुढे त्यांची प्रकृती अतिशय खालावली. विश्रांतीसाठी १९३८ साली त्यांना जमनालालजी बजाज यांच्या पवनारच्या बंगल्यात नेण्यात आले. मोटार धाम नदीच्या पुलावरून जात असता त्यांनी आपल्या सर्व कार्याचा व चिंतांचा त्याग केल्याचा संकल्प उच्चारला, आणि मग त्यांची प्रकृती सुधारत गेली. त्यांना कोणतेही व्यसन नव्हते. होता तो सत्कार्याचा भार. सत्कार्याचाही भार खाली ठेवावा लागतो, तर प्रतिष्ठेच्या भाराची काय कथा! जैनांशी त्यांचे नाते आपण जाणताच. त्यांच्याच प्रेरणेने १९७४ साली सर्व संप्रदायांना मान्य असा ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अन्नजल सोडून त्यांनी पवनारलाच देह ठेवला.

आता पच्चक्खाणाचे. पुण्याहून परतल्यावर बंधू म्हणाला, ‘भाऊ, मी आजीवन काही घेणार नाही. मी फक्त आज पिणार नाही.’ मला राग आला. ही पळवाट वाटली. नंतर विचार केला. आपल्या परंपरेतही सगळी पच्चक्खाणे आजीवन नसतात. नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची. सामायिकही अठ्ठेचाळीस मिनिटांचेच. आणि गंठसी तर केवळ एका गाठीची: वस्त्राच्या टोकाला गाठ मारायची, आणि नवकार म्हणून ती सोडीपर्यंत मुखात काही घालायचे नाही. ज्याचे बळ अल्प आहे त्यालाही व्रताचा आधार मिळावा, ही त्यामागील करुणा आहे. बंधूने तीच युक्ती घेतली. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तो हातरुमालाला गाठ मारी. तेवढा दिवस पिणार नाही. रात्री नवकार म्हणून गाठ सोडी, आणि सकाळी पुन्हा नवी. शास्त्रार्थाने हे गंठसी नव्हे, हे मी जाणतो. परंतु जे आजीवन व्रताने दोन महिने साधले नाही, ते या गाठीने साधू लागले.

दारू सुटली म्हणजे सर्व झाले, असे आम्ही समजलो. तेथेच चुकलो. पहिल्या वर्षी बंधू पीत नव्हता, परंतु चिडत होता. क्षुल्लक कारणावरून नोकरावर ओरडे. कोणी प्रशंसा केली तर संशय घेई. दोघे हळू बोलले की आपल्याविषयीच बोलतात असे त्यास वाटे. वीस वर्षे प्रत्येक दुःख, प्रत्येक भीती, प्रत्येक आनंद ज्याने मद्यात बुडविला, त्याला ती भावना साध्या डोळ्यांनी पाहण्याची सवयच राहिलेली नसते. चाळिशीचा पुरुष भावनेच्या शाळेत पहिल्या इयत्तेत बसलेला असतो. बिल विल्सन यांनी १९५८ साली एका लेखात याच अवस्थेची कबुली दिली आहे. वीसहून अधिक वर्षे मद्यमुक्त राहूनही त्यांना खोल नैराश्याने ग्रासले होते. इतरांनी आपल्याला मान द्यावा, सुरक्षितता द्यावी, या अपेक्षेवर आपण मद्याइतकेच अवलंबून आहोत, हे त्यांना उमगले. ते अवलंबन सुटणे ही पुढची मुक्ती होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर दारू सुटली होती. कषाय सुटायचे होते.

आणि ते माझे तरी कोठे सुटले होते? बंधू गादीवर परत बसू लागला, तेव्हापासून मी रोज रात्री गल्ला दोनदा मोजीत असे. एकदा त्याच्यासमोर, एकदा तो गेल्यावर. त्याला हे कळत नाही, अशी माझी समजूत होती.

२००५ साली मातोश्री गेल्या. तेराव्या दिवसानंतरच्या एका संध्याकाळी बंधू बाहेर पडला आणि रात्री उशिरा आला. मी ओट्यावर बसलो होतो. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, आज मी प्यालो. पुण्याला फोन केला आहे. उद्या सकाळच्या गाडीने जातो.’

इतक्या वर्षांत त्याने न विचारता सांगितलेले ते पहिले सत्य होते. माझ्या मुखात नेहमीचे कठोर शब्द आले होते. परंतु त्याच्या हातात तो रुमाल होता आणि त्याची गाठ अजून बांधलेलीच होती. तो म्हणाला, ‘गाठ सोडायचे धैर्य झाले नाही. खोटी सुटली असती.’ तेव्हा माझ्याकडून कसे कोण जाणे, निघून गेले, ‘मी रोज तुझ्यामागे गल्ला मोजतो.’ तो म्हणाला, ‘ठाऊक आहे मला. म्हणून मी रोज जाताना तुमच्या पाठीमागचा दिवा चालू ठेवून जातो. मोजायला नीट दिसावे.’

सभाजनहो, त्या रात्री आम्ही दोघे भाऊ ओट्यावर पुष्कळ वेळ बसलो. मी विवाहाच्या दिवशीच्या कडीविषयी क्षमा मागितली. संवत्सरीला दरवर्षी शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ची छापील पत्रे पाठविणारा मी, एकाच घरात राहणाऱ्या भावाला ते शब्द त्या रात्री प्रथम, अपराधाचे नाव घेऊन, म्हणालो. पुढे माझ्या मुलीलाही खरे सांगितले. ती कित्येक महिने माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाही. तेही मी सोसणे योग्यच होते. क्षमा मागणे आपल्या हाती असते, ती केव्हा मिळावी हे नसते.

बंधू पुण्याहून परतला. त्यास आता वीस वर्षे होत आली. त्यानंतर गाठ रोज बांधली आणि रोज सुटली. मला मात्र त्याची प्रगती वर्षांच्या संख्येत दिसत नाही. ती दिसते ती अशी: चूक झाली की तो त्याच दिवशी सांगतो. दुःख आले की ते दुःख आहे असे म्हणतो आणि रडतो. कोणी मागील गोष्ट काढून टोचले तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतो. आणि रात्री-अपरात्री एखाद्या अनोळखी घरातून बोलावणे आले, तर चपला घालून निघतो आणि तेथे स्वतःचीच कथा सांगतो. ही बारावी पायरी. आपण तिला वैयावृत्त्य म्हणू. मी गल्ला एकदाच मोजतो. माझी प्रगती तूर्त एवढीच.

या व्यासपीठावरून समाजाला तीन प्रार्थना करतो. एक, आपल्या घरांत हा आजार नाही असे म्हणू नका. झाकल्याने तो वाढतो. दोन, रुग्णाला व्रत देण्याआधी वैद्य द्या, आणि व्रत देताना त्याला पेलेल एवढेच द्या; ते मोडले तर पुन्हा उभे राहण्याची वाटही दाखवा. तीन, पत्नी, माता, भाऊ यांनीही आपला ताळेबंद लिहावा. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल्-अ‍ॅनॉन ही निराळी संघटना उभारली, ती याच जाणिवेतून.

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या सभागृहात शेकडो प्रतिक्रमणे झाली असतील. आठवड्यातून एक संध्याकाळ येथील एक लहान खोली अशा माणसांसाठी उघडी ठेवता येईल काय, जेथे कोणी कोणाचे नाव विचारणार नाही, उपदेश करणार नाही, आणि जो येईल तो आपले खरे सांगू शकेल? विश्वस्तांनी यावर विचार करावा. चहाचा आणि सतरंजीचा खर्च आमच्या दुकानाकडून होईल. किल्ली सांभाळायला माझा बंधू तयार आहे.

बोलताना कोणाचे मन दुखावले असेल, शास्त्राविरुद्ध काही बोलले गेले असेल, तर मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!